बरी झालेली काचेची नळी

वाचकहो, भय मनुष्याच्या विवेकाला कसे झाकोळते आणि सत्य त्याला कसे जागे करते, याचा वृत्तान्त येथे यथामती कथन करीत आहे.

जिरी पहाडाच्या पायथ्याशी वैदू ग्वाक याच्या अंगणात मुंगीला शिरायला वाव नव्हता. त्या गर्दीत बसलेल्या इक्सूच्या जठराचा कर्करोग यकृतात पसरला होता. तरीही त्याच्या रक्तातील कर्करोगसूचक प्रथिनाचा आकडा नऊशेवरून चाळिसावर उतरला होता. ग्वाकने तो कागद निशाणासारखा फडकवला.

"पहाडाच्या देवानं गाठ पिळून काढली. तपासणीला रक्त द्यायच्या सकाळी मात्र माझी पूड बुडाला लागलेल्या भाताच्या पाण्यातून घ्यायचीच. आणि इस्पितळात सलाइनमधून देतात ते औषधाचं विष बंद."

"ऐकलंस?" इक्सू पत्नीला म्हणाला. "आता इस्पितळ नाही."

मालसूनने नवऱ्याच्या तोंडाकडे निरखून पाहिले. आकडा उतरत होता, परंतु नवऱ्याचे डोळे हळदीसारखे पिवळे पडत होते.

"अहो, आरशात तरी बघा."

"तुझीच नजर पिवळी."

"असेल. एकदा डॉक्टरीणबाईंकडे चला. आकडा खरा निघाला, तर त्या ग्वाकचं अंगण मी जन्मभर झाडीन."

इक्सू कुरकुरत निघाला. किमचीच्या, म्हणजे कोबीच्या लोणच्याच्या डब्यात लपवून तिने पुडी नेली. डॉ. प्योन यांनी दुसऱ्या रुग्णाचे तपासून उरलेले, चढ्या आकड्याचे रक्त दोन नळ्यांत घेतले. एकीत पुडीची चिमूट विरघळवली. यंत्र फिरले. साध्या नळीचा आकडा चढाच राहिला. पुडीच्या नळीचा धाडकन कोसळला.

"हिला जठर नाही, यकृत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "मग देवानं हिचं काय बरं केलं?"

इक्सूने दोन्ही नळ्या उजेडात धरून पाहिल्या.

"पुडीत बायोटिन आहे, केसांसाठी घेतात ते जीवनसत्त्व. आमच्या यंत्रात प्रथिन पकडणारे गळ बायोटिनच्या दोरीनं खुंटीला टांगतात. रक्तातच बायोटिन भरमसाट असलं की खुंट्या आधीच अडतात आणि प्रथिन न मोजताच धुऊन जातं. प्रथिन तिथंच असतं, काका. रोगही."

चार दिवस पूड सोडून मग काढलेला इक्सूचा आकडा बाराशे निघाला.

"चाळीसच बरा होता गं," इक्सू पुटपुटला. "मला भीती वाटते."

"मलाही वाटते. भीत भीत जाऊ. पण सलाइनला जाऊ."

तो उठला.

सुज्ञहो, कागदावरचा आकडा उतरला म्हणजे रोग उतरला असे नव्हे. तपासणीपूर्वी पोटात काय गेले, ते डॉक्टरांपासून लपवू नये. आणि चमत्काराला आधी काचेच्या नळीत घालून पाहावे.

आपण वाचलेत, याबद्दल ऋणी आहे.

निवृत्ती गणपत खुरसणे