बाहेरची बाजू

गाड्यांचा आवाज गल्लीत शिरला तशी बाबांनी जेवणाची ताटे झाकली आणि दाराला आतून कडी घातली. एरवी मुलगा यायचा असला की हे दार सकाळपासून सताड उघडे असे.

जिन्यात बूट वाजले. दारावर थाप पडली.

"कोण आहे?"

"अध्यक्षसाहेब आलेत, काका," अंगरक्षकाचा आवाज आला.

बाबा जागचे हलले नाहीत. बाहेर कुजबुज झाली, कोणीतरी हसले, आणि मग दार सावकाश तीनदा वाजले.

"कोण आहे?"

"एक नागरिक. भुकेला."

कडी निघाली.

बाबांची उभी हयात सभागृहाच्या मोठ्या दारामागे गेली होती. राजा शिपाई घेऊन सभेत घुसायचा ते दिवस ज्यांनी सोसले, त्यांनी स्वातंत्र्य मिळताच रिवाज घालून दिला होता. दरवर्षी देशाचा अध्यक्ष सभेला येईल तेव्हा दार बंद असेल. त्याने तीनदा ठोठवायचे, दारवानाने आतून विचारायचे. "अध्यक्ष" असे उत्तर आले तर उघडायचे नाही, "एक नागरिक" म्हटले की उघडायचे. एक मिशाळ अध्यक्ष सवयीने हुद्दा सांगून बसला आणि बराच वेळ उन्हात घाम पुसत राहिला, तो किस्सा बाबा अजून रंगवून सांगत. मुलगा, म्हणजे छोट्या, शाळेतून आला की घरीही हाच खेळ चाले. त्यातले "भुकेला" त्याच्या आईने जोडलेले होते.

छोट्या अध्यक्ष झाला त्याच वर्षी बाबांनी नोकरी सोडली. बापाने लेकाला दारात अडवणे बरे दिसले नसते. पुढे आईही गेली.

आता दोघे पाव आणि उकडलेली अंडी खात बसले होते.

"उद्या येताय ना? गॅलरीत पहिली खुर्ची तुमची."

उद्या दोन ठराव होते. अध्यक्षाने दोनच मुदती राहायचे ही अट काढायची, आणि तिच्याबरोबर दाराचा रिवाजही. जुना दारवान, तोही अध्यक्षाचा बाप, गॅलरीत दिसला की कुरकुरणाऱ्यांची तोंडे बंद होणार होती. दोघांनाही ते ठाऊक होते.

"नाही येत."

"मी काय वाईट केलं, ते तरी सांगा."

"काहीच नाही. तुझ्या आईचं ऑपरेशन तू बांधलेल्या दवाखान्यात झालं. रांगेत उभं राहून, वशिला न लावता. मी विसरलेलो नाही."

"मग? लोकांनाच मी हवा आहे."

"मलाही हवा आहेस, म्हणून तर भीती वाटते." बाबा अंडे सोलत राहिले. "वाईट माणसाला लोक आपणहून दार लावतात. अट लागते ती चांगल्यासाठी. म्हातारी मेल्याचं दुःख नाही रे, काळ सोकावतो. तुझ्यामागून येईल तो ठोठवणार नाही."

"कामं अर्धी राहिलीत, बाबा."

"सगळ्यांचीच राहतात. अट घालणाऱ्यांचीही राहिली होती. तरी ते उठून घरी गेले."

छोट्याने आपले ताट स्वतः विसळले. आईची शिकवण होती ती. हात पुसत तो दाराशी थांबला.

"आई असती तर आली असती."

"आली असती. तिथंच बसून रडलीही असती."

छोट्या जिना उतरून गेला. त्याला हाक मारावी असे बाबांना फार वाटले, पण ते आपले ताट उचलून मोरीकडे वळले.

दोन्ही ठराव मंजूर झाले. त्यानंतर मुलगा आला नाही, त्याचा फोनही आला नाही. मग एका सकाळी तोच अंगरक्षक चार हमाल घेऊन आला. त्यांच्या खांद्यावर सभागृहाच्या उतरवलेल्या मोठ्या दाराची एक फळी होती.

"साहेब म्हणाले, भंगारात जाऊ द्यायची नाही. बाबांकडे पोहोचवा."

बाबांना भरून आले. पोराने आठवण ठेवली होती. पोराला काहीच कळले नव्हते.

फळी तिरपी करून कशीबशी आत आली. पलंगासमोरची भिंत मोकळी होती.

"बाहेरची बाजू कुठली, काका?"

बाबांनी लाकडावरून हात फिरवला. छातीच्या उंचीवर एका जागी पॉलिश उडाले होते. इतक्या अध्यक्षांनी तिथे ठोठवले होते, शेवटी छोट्यानेही.

"ही."

"मग ही भिंतीकडे करू?"

"नको. समोर राहू दे."

"म्हणजे तुम्ही बाहेरच राहणार की," अंगरक्षक हसला. बाबा हसले नाहीत, तेव्हा तो हमालांना घाई करू लागला.

सगळे गेल्यावर बाबा फळीसमोर उभे राहिले. त्यांनी पॉलिश उडालेल्या जागी तीनदा ठोठवले आणि वाट पाहिली. आतून विचारण्याचे काम इतकी वर्षे त्यांचेच होते.