पहाडीवरचे सात तेरडे

गवताचा माणूस म्हणून माझी ओळख आहे. मी सेवकराम कटरे. गोंदियाच्या एका कॉलेजात तीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलं आणि त्यातली पंचवीस वर्षं गवतं वाळवून कागदावर चिकटवण्यात घालवली. कपाटात चौदाशे नमुने आहेत. गवत बिचारं सज्जन असतं. वर्तमानपत्राच्या घडीत ठेवा, वरून वजन द्या, आठवड्याने जसंच्या तसं हातात येतं. मोबाइलवर फुलांचे फोटो काढून जगाला दाखवत फिरणाऱ्यांचा मला मनापासून राग होता. फोटो म्हणजे पुरावा नव्हे, असं मी दरवर्षी वर्गात सांगायचो आणि पोरं दरवर्षी ते वहीत उतरवून घ्यायची.

दुर्गा मडावी माझ्या शेवटच्या बॅचची. सालेकशाच्या आत, जंगलाला लागून तिचा टोला, थोड्याशा घरांची वस्ती. ऑगस्टमध्ये एक दिवस ती तडा गेलेला मोबाइल घेऊन स्टाफरूममध्ये आली.

"सर, हे कोनतं फूल होय जी? आमच्या पहाडीवर हाय."

"तेरडा आहे," मी पेपरातून डोकं वर न काढता म्हणालो. "पावसाळ्यात जिकडेतिकडे असतो. यासाठी बसने आलीस?"

"तेरडा जांभळा रायते सर. हा पांढरा हाय, अन् पान पाहा ना, कसं जाड हाय. दुसऱ्या कोनत्याच पहाडीवर नाई दिसला मले."

मग मी पाहिलं. ओल्या कातळाच्या फटीतून वर आलेलं वीतभर रोप, पांढरं फूल, कंठाशी पिवळा ठिपका. खरं सांगतो, माझ्या तोंडाला पाणी सुटलं. उमेदीच्या काळात मला हिमालयात जाऊन तिथल्या रानटी जिरेनियमवर काम करायचं होतं. ते राहून गेलं. जिरेनियम आपल्या जिल्ह्यात उगवत नाही, पण जुन्या ग्रंथांत तेरड्याला जिरेनियमच्याच कुळात बसवलेलं आहे. निवृत्तीला आठ महिने उरलेले असताना त्या कुळातलं कुणाला ठाऊक नसलेलं झाड माझ्या दारात चालून आलं होतं.

दुर्गाला मात्र नावाशी देणंघेणं नव्हतं. ती पहाडी गिट्टीखदानीसाठी, म्हणजे खडीच्या खाणीसाठी, मागितली गेली होती. टोल्याचा देव त्या पहाडीवर, नाल्याचं पाणी तिथूनच. सप्टेंबरात जनसुनावणी होती. इथेच आणि फक्त इथेच उगवणारं झाड असेल तर सरकारला थांबून विचार करावा लागतो, असं तिला कुणीतरी सांगितलं होतं.

"तुमी लिहून देलं तं मानतीन, सर," ती म्हणाली.

त्याच रविवारी आम्ही चढलो. पुढे तिचा बाप दसरू, मागे दुर्गा, मधे धापा टाकणारा मी. माथ्याखाली पाणी झिरपणारा एक कातळ होता आणि त्याच्या एकाच फटीत सात रोपं. सातही फुलावर आलेली. दुर्गा पालथी पडून फोटो काढायला लागली. समोरून दोन काढून झाले.

"थांबा सर, बाजूनं काढतो. मागं याले शेपटीवानी काहीतरी हाय."

आभाळ भरून आलं होतं आणि मला घाई झाली होती. "फोटोने काय सिद्ध होतं?" मी म्हणालो. "सुनावणीत साहेबासमोर कागदावर चिकटवलेला नमुना ठेवायचा, मुळासकट. सरक."

आमच्या कामात एका झाडाचे पाच-सहा नमुने घेतात, निरनिराळ्या संग्रहालयांना पाठवायला. शेकड्याने उगवणाऱ्या गवताचा तो नियम. मी तो सात रोपांना लावला. एक उपटलं, दुसरं उपटलं. चौथ्याला दसरू बोलला.

"एक तं ठेवा जी. आमी जंगलात कांदा खनतो तं त्याचं डोस्कं परत मातीत गाडून देतो. मंग पुढच्या साली भेटते."

"काका, हे काही कांदे नाहीत," मी हसून म्हणालो. "सरकारी कामाला भक्कम पुरावा लागतो."

सातवं रोप जरा वाकलेलं होतं. तसंही ते जगणार नाही, असं मी म्हणालो. खोटं होतं ते. मला ते माझ्या स्वतःच्या कपाटासाठी हवं होतं. फटीत हात घालून दसरूने उकरलेली माती तळहाताने सारखी केली आणि पहाडी उतरायला लागला.

चौथ्या दिवशी मी घड्या उघडल्या. पानं ठीक होती. फुलांचा मात्र तपकिरी चिकट लगदा होऊन तो बातम्यांच्या अक्षरांवर पसरला होता. सातही घड्यांत तेच. पाकळी कुठली, शेपटी कुठली, काही म्हणजे काही कळेना. मी चिमट्याने उचलायला गेलो तर कागदच फाटून वर आला.

तेरड्यांवर आयुष्य घालवलेल्या एक बाई दक्षिणेत आहेत. त्यांना मी लगद्याचे आणि दुर्गाने समोरून काढलेल्या फुलांचे फोटो पाठवले. होय, फोटोच पाठवले. त्यांचा फोन आला.

"सर, तेरड्याचं फूल असं दाबत नाहीत, ते पाणीच असतं सगळं. जिवंत असताना बाजूने फोटो काढायचा, मागची शेपटी दिसली पाहिजे. मग एका फुलाच्या पाकळ्या सुट्या करून काळ्या कागदावर मांडायच्या आणि पुन्हा फोटो. समोरून पांढरे तेरडे सगळे सारखेच. पण या पानावरून मला हे वेगळं वाटतंय. उरलेल्या झाडांचे फोटो पाठवा. आणि कृपा करून बोंडं तोडू नका, बी पडू द्या."

"बरं," मी म्हणालो. उरलेलं एकही नाही, हे सांगायला जीभ रेटली नाही. दुर्गाला मी एवढंच सांगितलं की आणखी फोटो हवेत. आठ दिवस आम्ही आजूबाजूच्या पहाड्या पालथ्या घातल्या. जांभळे तेरडे पोत्याने सापडले.

सुनावणीत दुर्गा तो फुटका मोबाइल घेऊन उभी राहिली. साहेब भला माणूस निघाला. त्याने फोटो पाहिला, माझं पत्र वाचलं आणि म्हणाला, "पुढच्या पावसाळ्यात पाहणी समिती घेऊन मी स्वतः येतो. फूल जागेवर दाखवा. तोवर काम सुरू होणार नाही." टोल्यातल्या बायका एकमेकींचे हात धरून हसत होत्या. दसरूने माझ्या पायांना हात लावला आणि मला तिथून पळून जावंसं वाटलं.

कारण तेरडा एका पावसाचा असतो. हे मी पहिल्या वर्षाच्या पोरांना शिकवतो. बी पडलं तर पुढच्या साली रोप, नाहीतर काही नाही. आणि बोंड धरायच्या आधीच मी सातही मुळासकट काढले होते. मी कुणालाही हे बोललो नाही. जुनं एखादं बी फटीत अडकलं असेल, यावर मी निवृत्तीनंतरचे दिवस ढकलले. जून-जुलैत दर रविवारी पहिल्या गाडीने सालेकशाला जायचो. गुडघे ओरडायचे तरी चढायचो. फटीत शेवाळ आलं, नेचे आले. मी भिंग लावून एकेक कोंब पाहायचो. घरी धुरपताबाई, माझी बायको, म्हणायची की म्हातारपणी जंगलात जाऊन मरायचंय का. मला त्याचंही काही वाटेनासं झालं होतं.

ऑगस्टमध्ये समिती आली. साहेब, दोन अधिकारी, एक कारकून. कातळावरून पाणी झिरपत होतं. फट हिरवीगार होती आणि तिच्यात तेरड्याचं एक पानही नव्हतं. साहेब वाकून बराच वेळ पाहत राहिला. मग सरळ होऊन त्याने विचारलं, "मागच्या वर्षी कुणी तोडलं होतं का?"

दुर्गाने माझ्याकडे पाहिलं. दसरू जमिनीकडे पाहत होता. माझ्या कपाटात ते सात कागद होते, मुळं-पानांसकट. आणून दाखवले असते तर निदान हे झाड इथे होतं एवढं तरी ठरलं असतं. पण मग ते संपवलं कुणी, हेही ठरलं असतं. मी चष्मा काढून पुसत बसलो.

"जनावरानं खाल्लं असन जी," दुर्गा म्हणाली.

कारकुनाने पंचनामा लिहिला. सदर जागेवर असे कोणतेही रोप आढळून आले नाही. खाली तज्ज्ञ म्हणून माझं नाव होतं. त्याने पेन पुढे केला आणि मी सही केली. तारीखसुद्धा नीट घातली.

उतरताना मंडळी पुढे गेली. मी दुर्गाला गाठलं आणि विचारलं, "तू खोटं काऊन बोललीस?" चाळीस वर्षांपूर्वी शहरात आल्यावर सोडलेली बोली तेवढ्यापुरती तोंडात आली.

ती थांबली. तिच्या आवाजात राग असता तर मला बरं वाटलं असतं.

"तुमी बोलान म्हून वाट पाहून राहिली होती मी, सर," ती म्हणाली. "तुमी नाई बोलले. मंग गुरुजीचं नाव मी कसं घेऊ?"

आणि मी घसरू नये म्हणून तिने माझा हात धरला, पार खाली सडकेपर्यंत.