विजेचा तिसरा अर्थ

पक्षाघातानं आमच्या ह्यांची वाचा गेली, तेव्हा प्राचीन ग्रीक-मराठी कोशाच्या पहिल्या खंडाची सगळी कार्डं लिहून तयार होती. शेवटची तपासणी तेवढी राहिली होती. मी एकेक कार्ड वाचायचे. बरोबर असेल तर हे डाव्या हातानं टेबलावर एक टिचकी मारायचे, चूक असेल तर दोन. मला ग्रीक ओ की ठो कळत नाही, पण अडतीस वर्षं त्या कार्डांच्या खोक्यांवरची धूळ मीच पुसली आहे.

संपादकांना आमच्या टिचक्या पटेनात. "काकू, सरांना खरंच समजतंय का? नाहीतर काम दुसऱ्या कुणाकडे द्यावं लागेल," म्हणत आज ते समोरच येऊन बसले. हे काम गेलं तर माणूस खचणार, हे मला ठाऊक होतं.

वीसेक कार्डं सुरळीत गेली. मग आलं 'अस्त्रपे'. मी वाचलं, "जुनं रूप अस्तेरोपे, आखूड रूप स्तेरोपे. अर्थ एक, आकाशातली वीज. अर्थ दोन, दिव्याचा उजेड."

दोन टिचक्या.

संपादकांनी सोबत आणलेल्या जाडजूड ग्रीक-इंग्रजी कोशात पाहिलं. "लिहिलंय ते सगळं बरोबर आहे, काकू." आणि ते पेनाला टोपण लावायला लागले.

"अहो, नीट ऐका ना!" मी ह्यांच्यावरच खेकसले. पुन्हा वाचलं. पुन्हा दोन टिचक्या, आणि हे माझ्याकडे टक लावून बघत बसले.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी उठून शिवणाचा डबा उघडला. बटणांच्या तळाशी एक पिवळं पडलेलं कार्ड होतं. लग्नाआधी ह्यांनी ते माझ्या हातात कोंबलं होतं, कानापर्यंत लाल होऊन. ह्याच शब्दाचं, कोशातलं मूळ कार्डच देऊन बसला होता वेडा! खोक्यात मागाहून घाईघाईनं दुसरं लिहून टाकलं असणार.

मी मोठ्यानं वाचलं, "अर्थ तीन. डोळ्यांतली चमक." त्याखाली आणखी एक ओळ होती, ती काही मी वाचली नाही.

एक टिचकी.

संपादकांनी त्या जाडजूड कोशातल्या पुढच्या ओळीवर बोट ठेवलं. "आहे की!" त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. "पुढचा खंडही सरच तपासतील." त्यांनी कार्डासाठी हात पुढे केला.

"उतरवून घ्या," मी म्हणाले. "कार्ड मिळणार नाही. ते कोशाचं नाही, माझं आहे."

ह्यांनी टेबलावर एक टिचकी मारली.