शालनचं अक्षर

तुम्ही अक्षरं सरळ केलीत आणि माणसं पुसलीत. हा आरोप आहे, साहेब. विनंतीअर्ज समजून बाजूला सारू नका. तुमचं नाव घेत नाही, कारण तुम्हाला नाव नसतंच. नुसता शिक्का असतो, आणि शिक्क्याला कान नसतात. तरी ऐका.

चैत्राचं ऊन. कोयनेच्या काठचं ते गाव ताम्रकिरणांत न्हालेलं. छपराछपरावर मिरच्या पसरलेल्या; रक्तवर्णी, कुंकुमवर्णी, अग्निवर्णी. जणू आभाळानंच आपला शालू फाडून गावावर वाळत टाकलेला. नदी आटून चांदीच्या पैंजणाएवढी उरलेली, आणि वाराही असा तिखट, की वडाच्या पानांनाच शिंक यावी.

त्या लालीमध्ये, गावाच्या शेवटच्या घराच्या सोप्यात, एक बाई एकटी बसलेली. समोर कांदा-लसूण मसाल्याची परात. परातीच्या पलीकडे एक पाट मांडलेला. पाटावर कुणी नाही.

गाव तिला विमलमावशी म्हणतं. तिचं नाव हौसा.

लग्नाच्या मांडवात ताटभर तांदूळ पसरले, नवऱ्यानं अंगठीनं त्यात नवं नाव रेखलं, बायका हसल्या, पेढे वाटले. तांदळात विमल उगवली. हौसा त्याच तांदळाखाली गाडली गेली. तिच्या माहेरची, तिच्याच शाळेतली शालन त्याच गावात सून होऊन आली, आणि दुसऱ्या एका ताटात तिची सुलोचना झाली. ताट बदललं, अंगठी बदलली, तांदूळ तेच.

पण परातीच्या दोन बाजूंना दोघी बसल्या, की विमल आणि सुलोचना उंबऱ्याबाहेर चपला काढून ठेवाव्यात तशा बाहेर राहायच्या. केस काळे होते तेव्हापासून केस कापूस होईपर्यंत, मसाला एकीनं भाजला, दुसरीनं डंकावर कुटून आणला, दोघींनी मिळून विकला.

‘‘हौसे, मीठ बघ गं.’’

‘‘शाले, तुझी जीभ मेली का काय?’’

एवढंच बोलणं. साऱ्या पृथ्वीवर ती दोन नावं घेणारी तोंडं दोनच.

गेल्या माघात शालन गेली. त्या दिवसापासून हौसाला हौसा म्हणून कुणी हाक मारली नाही. शांतता म्हणजे काय, हे तुम्हाला ठाऊक नाही, साहेब. घरात भांडी वाजतात, कावळा ओरडतो, एसटी हॉर्न देते, आणि तरी आपलं नाव दिवसभरात एकदाही ऐकू येत नाही, ती शांतता.

मग तुमचं प्रदर्शन आलं. लघुउद्योगांचा मेळा, मांडव, गाळे, रोषणाई. आणि तुमचा नियम आला: पुडीवर नाव हवं, नाव छापील हवं, अक्षर मंजूर नमुन्यातलं हवं. अक्षर निवडून द्यायला तुम्ही कराडहून एक मुलगी धाडलीत. ऋतुजा. गोड पोर. लॅपटॉप मांडीवर घेऊन सोप्यात बसली, रिकाम्या पाटाकडे सरकली.

‘‘तिथं नगं बसू, बाय. हिकडं ये.’’

ऋतुजा उठून अलीकडे बसली. ‘‘बरं मावशी, ब्रँडचं नाव काय ठेवायचं?’’

‘‘शालन.’’

‘‘शालन मसाले?’’

‘‘नुसतं शालन.’’

हे सांगताना तिच्या मनात काय होतं ते आधीच सांगतो, म्हणजे पुढं तुम्हाला अजाणतेपणाची सोय उरणार नाही. तिला पैसा नको होता, गाळा नको होता. तिला ते नाव स्वतःच्या तोंडाबाहेर कुठंतरी ठेवायचं होतं. आपण मेल्यावरही ते कुणाच्या तरी फडताळात, हळदीच्या डब्याशेजारी उभं असावं, एवढंच.

पडद्यावर नाव उमटलं. एकदा, पुन्हा, पुन्हा. मंद नील प्रकाशात शालन येत राहिली, आणि प्रत्येक वेळी कुणी दुसरीच निघाली.

पहिलं अक्षर सडपातळ, शुभ्र, काचेसारखं. ‘‘हा फॉन्ट एकदम मॉडर्न आहे, मावशी.’’

‘‘ही जेवलेली न्हाई कवा. मसाला काय खाणार ही?’’

दुसरं चौकोनी, ठाशीव, ताठ मानेचं.

‘‘ह्यो तर तलाठी दिसतोय. घरात नगं.’’

तिसरं वेलबुट्टीचं, झुपकेदार, शेपट्या मुरडलेलं. ‘‘हे शाही वाटतं ना?’’

‘‘लग्नातला बँडवाला हाय. लाल डगला तेवढा घाल त्याला.’’

ऋतुजा खळखळून हसली. हौसाही हसली, आणि हसता हसता तिनं सवयीनं पाटाकडे पाहिलं.

मग चौथं आलं. जाड, काळं, गोलाईदार. खाली मऊ सावली. हौसाचं हसू जागच्या जागी वाळलं.

‘‘काढ ते.’’

‘‘का? छान उठून दिसतंय की.’’

‘‘दहाव्याला चौकात फ्लेक्स लावला हुता तिचा. ह्याच अक्षरात. खाली दोन्ही बाजूला फुलं.’’ तिनं पदर तोंडाशी धरला. ‘‘ह्या अक्षरात सुलोचना मेली, बाय. शालनला त्यात घालू नगं.’’

बाहेर ऊन कलतं झालं. छपरावरची लाली गडद होत गेली. डाळिंबी, मग जांभळी. मुलगी थांबली. थांबणं तिला आलं, साहेब, तुम्हाला कधी आलं नाही. मग तिनं हळूच विचारलं, ‘‘मग मावशी, तुमच्या डोळ्यांपुढं तिचं नाव कसं येतं?’’

हौसानं बांगड्या कोपराकडे सारल्या आणि डावा हात उपडा केला.

मनगटाच्या वर, सुरकुत्यांच्या सुकल्या ओढ्यांमध्ये, निळसर-हिरवं नाव. शालन. पालीच्या जत्रेत, भंडाऱ्यानं पिवळ्या झालेल्या दुपारी, दोन परकऱ्या पोरी गोंदणारणीपुढे बसल्या होत्या. थोरल्या बहिणींची नावं मांडवात गेलेली दोघींनी पाहिली होती. आपलीही जाणार, हे ठाऊक होतं. म्हणून एकीचं नाव दुसरीच्या कातडीत ठेव म्हणून ठेवायचं ठरलं. गोंदणारणीला वाचता येत नव्हतं. शालननं पाटीवर आपलं नाव लिहिलं. ते बघून गोंदणारणीनं हौसाच्या हातावर टोचलं. हौसानं आपलं लिहिलं. ते शालनच्या हातावर.

म्हणजे ते शालनच्याच हातचं अक्षर होतं. श थोडा लाजलेला. काना वाऱ्यात झुकलेला. ल-ची एक पाकळी मोठी, एक धाकटी, आणि तो न-कडे असा कललेला, जणू कानात काही सांगतोय. पोरवयातलं अक्षर म्हाताऱ्या हातावर हाताबरोबर पसरलेलं, विरलेलं, पिकलेलं.

ऋतुजानं फोटो घेतला. रेघ रेघ पडद्यावर उतरवली. काळ्यावर निळं नाव उगवलं, आणि हौसा पुटपुटली, ‘‘आली गं बया.’’

ते अक्षर मुलीनं तुमच्याकडे धाडलं. तुमचा फोन आला. आवाज सोप्यात घुमला.

‘‘मॅडम, हे काय पाठवलंय? वाकडं आहे हे. ग्राहकाचा विश्वास बसला पाहिजे. नमुन्यातलं घ्या. आणि कागदावर भागीदार सुलोचना आहेत. ही शालन कोण?’’

हौसानं तोंड उघडलं. जन्मात पहिल्यांदा कुणीतरी विचारलं होतं. पण शब्द ओठांशी येईतो फोन बंद झाला होता.

ऋतुजा ओशाळली. ‘‘मावशी, थोडंसंच सरळ करू? तुमचंच अक्षर राहील.’’ बोटं हलली. पाकळ्या सारख्या झाल्या. काना उभा राहिला. ल मान वळवून समोर बघू लागला, फोटोला उभी केलेली परकी बाई बघते तसा.

‘‘थांब! चालली बघ ती, चालली!’’ हौसानं मुलीचं मनगट धरलं. ‘‘मागं घे. पोरी, मागं घे.’’

मुलीनं मागं घेतलं. पण मागं घेतलेलं तुम्हाला चालत नाही.

‘‘मग गाळा, मावशी?’’

‘‘ऱ्हाऊ दे. परक्या तोंडाची शालन इकून मी काय करू?’’

मुलगी गेली. धूळ उडाली, धूळ बसली. सोप्यात पुड्या रांगेनं उभ्या; कोऱ्या, अनामिक, मुक्या. हौसानं एक उचलली, तिच्या कोऱ्या पोटावरून अंगठा फिरवला आणि परत ठेवली. मग मोरीवर जाऊन तिनं हात धुतला. पाणी लाल वाहिलं, गुलाबी वाहिलं, निवळ वाहिलं. तिखट ओसरलं, माती ओसरली, दिवस ओसरला. हातावर निळं तेवढं उरलं.

शालनच्या हातावरची हौसा माघातच जळाली, साहेब. कोयनेच्या काठी, शेणी-लाकडांत, सुलोचनाच्या नावानं. आता हौसाच्या हातावरची शालन उरली आहे, हात आहे तोवर. उद्या हाही हात सरणावर ठेवतील, विमल म्हणून. तेव्हा या निळ्या नावानं जायचं कुठं? तुमच्या सगळ्या मंजूर, सरळ, सुबक अक्षरांत त्याला जागा कोणती?

फोन ठेवू नका. बोला.