गढूळ पाण्याची बरणी

मित्रांनो, मी काचेची एक जुनी बरणी आहे. कारखान्याच्या भट्टीतून निघाले ती अमेरिकेतल्या ओहायो नदीकाठच्या टेकड्यांत, वेल्माबाईंच्या स्वयंपाकघरात आले. दर उन्हाळ्यात त्या माझ्यात पाकातले पीच भरत. पाहुणे वाहवा करत, तेव्हा मीही उगाच ऐटीत चमकत असे.

मग कुंपणापलीकडे जमिनीखालच्या गॅससाठी खोदकाम सुरू झाले. आमच्या विहिरीच्या पाण्याला रॉकेलसारखा वास येऊ लागला. गाईंनी हौदाला तोंड लावणे सोडले. वेल्माबाईंनी माझ्यात तेच गढूळ पाणी भरले आणि मला मांडीवर घेऊन राज्याची राजधानी गाठली. वस्तीपासून किती दूर खोदायचे, याचा नियम तिथे सरकारी समिती करत होती.

त्यांनी मला समितीच्या टेबलावर ठेवले. अध्यक्ष व्हिटकोम दचकले.

"बाई, ती बरणी उचला. लाकडावर डाग पडेल."

"टेबलाची एवढी काळजी? माझ्या नातीच्या अंगावर या पाण्यानं चट्टे उठलेत!"

"आम्ही अंतर वाढवतोय ना! घरापासून हजार फूट."

"घरापासून? अहो, माझी विहीर काय घरात आहे? ती कुंपणाशी आहे. नियमात 'विहीर' लिहा."

खोदकाम करणाऱ्या कंपनीचे वकील हसले. "प्रत्येकाची विहीर मोजत बसलो, तर खोदायचं कुठं, आजी?"

"तुमच्या अंगणात खोदा की!"

सगळे खळखळून हसले. अध्यक्षही हसले. नियमात मात्र 'घर' एवढाच शब्द राहिला. शिवाय तो नियम फक्त नव्या खोदकामाला लागू होता. आमच्या शेजारचे तर आधीच सुरू झालेले.

परतताना गाडी चालवणारे वेल्माबाईंचे यजमान ऑरिन एवढेच म्हणाले, "मग गाई विकायच्या ना?" वेल्माबाईंनी मला घट्ट धरले.

गाई गेल्या. नातीला तिची आई शहरात घेऊन गेली. प्यायचे पाणी आता टँकरने येते. मी ओसरीवर पडून आहे, पोटात तेच पाणी घेऊन. "फेकून दे ते," ऑरिन म्हणतात. "राहू दे," वेल्माबाई म्हणतात.

मित्रांनो, माझी कीव करू नका. तुमच्या राज्यात असा नियम लिहायला कुणी बसले, तर त्यांच्यासमोर जाऊन बसा. हसले तर हसू द्या. पण 'विहीर' हा शब्द कागदावर उतरल्याशिवाय उठू नका.