कोरडी चालवलेली करवत

मी एक करवत बोलतेय. दगड कापणारी. दुकानात मिळते तशी नव्हे. एका निवृत्त फिटरने घराच्या मागच्या खोलीत जुळवलेली. ऐकून बरं वाटेल असं माझ्याकडे काही नाही, हे आधीच सांगते.

माझ्यात मूळचं माझं काहीच नाही. मोटर मोडीत निघालेल्या वॉशिंग मशीनची. दांडा आणि बेअरिंग जुन्या ग्राइंडरची. दगड घट्ट धरायला सुताराचा व्हाइस आणि तो पुढे सरकवायला भंगारातल्या लेथची गाडी. पातं तेवढं नवं, कडेला हिऱ्याची पूड बसवलेलं. अशी सगळी ओवाळून टाकलेली मंडळी एका टेबलावर आली आणि त्यांची मी झाले.

हे सगळं त्याच्या बायकोपायी. ती शाळेत भूगोल शिकवायची. निवृत्त झाल्यावर नदीकाठचे दगड घरी आणू लागली.

"अहो, हा आतून कसा असेल हो?"

"हातोडी देऊ?"

"फोडल्यावर तुकडे दिसतात. मला आतलं बघायचंय."

तो दुसऱ्याच दिवशी कामाला लागला. चार महिने खपत होता. तिने थट्टा करून त्याला भंडावून सोडलं. "लग्नाला चाळीस वर्षं झाली, मला कधी साधी अंगठी केली नाहीत. आणि दगडाला हिरे लावताय!" तो कान लाल होईपर्यंत हसला.

पहिला दगड वरून बटाट्यासारखा मातकट होता. कापला तर आत निळसर वलयं, एकात एक. दोन्ही अर्धे हातात घेताच तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "हे आजवर कुणीच पाहिलं नव्हतं. पहिले आपण." मला स्वतःचा फार अभिमान वाटला. आता त्या अभिमानाची लाज वाटते.

सुरुवातीला माझ्या पात्यावर पाण्याची धार असे. पण जागा कमी म्हणून त्याने मोटर अगदी पात्याखाली बसवली होती. एकदा पाणी मोटरवर गेलं आणि त्याला शॉक बसला. त्याला फारसं काही झालं नाही, पण तिचा जीव उडाला.

"ते पाणी आधी काढा! तुम्हाला काही झालं म्हणजे?"

"बरं बाई, सुकंच कापू. उभा जन्म लोखंड घासण्यात गेला माझा. चुरा काय, झाडला की गेला."

लोखंडाचा चुरा पायाशी पडतो. दगडाची बारीक पूड हवेतच राहते, डोळ्यांना दिसतही नाही आणि श्वासाबरोबर फुफ्फुसात जाऊन बसते. दगडाचं काम करणाऱ्या कुणाला विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं. पण हा पडला फिटर. यंत्राबद्दल दुसऱ्याला विचारणं त्याला कमीपणाचं वाटे. त्यात शेजाऱ्यांना आवाजाचा त्रास नको म्हणून दार बंद, खिडकी बंद. तो मागे स्विचजवळ उभा आणि ती माझ्यासमोर, पात्यावर वाकून. रोज दुपारी, सलग पाच वर्षं.

आधी तिला खोकला आला. मग जिन्यात दोनदा थांबणं आलं. मग बसल्या जागी धाप लागू लागली. एक दिवस हॉस्पिटलमधून आल्यावर दोघं याच खोलीत बसली होती.

"डॉक्टरांना खडूचं का सांगितलंस?"

"खडूच असेल. तीस वर्षं फळ्यासमोर गेली माझी."

"खडूने असं होत नाही म्हणाले. मला बाजूला घेऊन विचारलं, घरात दगडाचं काम होतं का म्हणून."

"मग? काय सांगितलंत?"

त्याने माझ्या पात्यावरून बोट फिरवलं आणि बोटाला लागलेली पूड बघत राहिला.

"काही सांगू नका हो. उगाच तुमच्या जिवाला लागेल."

म्हणजे तिला आधीच कळलं होतं. त्याला कळू नये म्हणून ती खडूचं नाव पुढे करत होती. माझ्यासारख्या लोखंडालाही त्या क्षणी मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सात महिन्यांनी ती गेली. शेवटी शेवटी तिच्याने एक वाक्य पुरं होत नसे.

मला वाटलं, आता हा मला फोडायला घण घेऊन येणार. मी त्याची वाटच बघत होते. पंधरा दिवसांनी तो आला. दार लावलं, खिडकी लावली. तिने आणलेल्यांपैकी एक दगड व्हाइसमध्ये आवळला आणि बटण दाबलं. मग माझ्यासमोर, तिच्या जागी येऊन बसला. तिच्यासारखाच वाकून.

तेव्हापासून रोज हेच चाललंय. डॉक्टरांनी त्याला सगळं नीट समजावून सांगितलंय, त्यामुळे तो नकळत करतो असं म्हणायची सोय नाही. मुलगी फोनवर विचारते, "बाबा, दिवसभर काय करता?" तो म्हणतो, "काही नाही गं, जातो वेळ." आता तोही खोकतो.

मला स्वतःहून थांबता येत नाही. पातं फिरवणारा माझा पट्टा दोनदा तुटला, दोन्ही वेळा त्याने नवा चढवला. शेजारी भले आहेत. बिचाऱ्याची बायको गेली, करू दे काहीतरी, म्हणून कुणी तक्रार करत नाही.

तुम्ही तरी एवढे भले होऊ नका. बंद खोलीतून दगड कापल्याचा आवाज आला तर भांडायला या. दार बडवा. वाट्टेल ते बोला त्याला, पण उठून दार उघडायला लावा.