थोरलीची जीभ

सॉसच्या त्या घरगुती कारखान्यात शेवटचा शब्द थोरल्या सुनेचा असे. पातेलं उतरवण्याआधी ती चमच्यावरचा थेंब जिभेवर घेई, डोळे मिटे आणि मग म्हणे, "भरा." तोवर सासरेसुद्धा बाटल्यांना हात लावत नसत.

मग तिच्या हिरड्या सुजल्या. दात घासले की बेसिन लाल व्हायचं. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी हिरड्यांच्या आतून खोलवर सफाई केली आणि गुळण्यांसाठी जंतुनाशक औषधाची बाटली दिली. हे दोनच आठवडे वापरायचं, असं बजावलं. गुळणीनंतर लगेच चहा-कॉफी घेऊ नका, दातांवर तपकिरी डाग पडतात. चवही बिघडेल, मिठाची तर जास्तच. पण औषध थांबलं की परत येईल.

तिने घरी येऊन हे सगळं दिराला सांगितलं. चव घ्यायला तो तिच्याच हाताखाली शिकत होता. तेवढे दिवस तुम्ही सांभाळा, म्हणाली. त्याने मान डोलावली.

त्याच आठवड्यात एक मोठे व्यापारी कारखाना बघायला आले. दिराने सगळ्यांदेखत तिच्यापुढे दोन वाट्या ठेवल्या आणि यातला आपला नेहमीचा सॉस कुठला, असं हसत विचारलं. एका वाटीत त्याने मीठ ओतलं होतं. तिला दोन्ही ओल्या पुठ्ठ्यासारख्या लागल्या. तिने नेमकं खारट वाटीवर बोट ठेवलं. व्यापारी हसले. नवऱ्याने मान खाली घातली. दिराने वडिलांना बाजूला घेऊन सांगितलं, वहिनींची जीभ कायमची गेली, डॉक्टरच म्हणाल्यात. दुसऱ्या दिवसापासून ती लेबलं चिकटवायला बसली.

औषध संपलं, चव परत आली. ती सासऱ्यांकडे गेली, तर ते म्हणाले, आता धाकट्याची घडी बसलीय, कशाला मोडायची. तिने वाद घातला नाही. पण विसरलीही नाही. लेबलावर बोट दाबताना रोज दिराचं ते हसणं तिला आठवायचं, आणि लेबल जरा जास्तच घट्ट बसायचं.

पुढे दिराच्याच हिरड्यांतून रक्त यायला लागलं. त्याच डॉक्टरीणबाई, तीच बाटली, त्याच सूचना. पण त्याच्या तोंडाचा वास गेला, बायको जवळ बसून बोलू लागली, तेव्हा त्याला ते औषध सोडवेना. एक बाटली संपली की तो दुसरी आणायचा. थोरली सगळं पाहत होती. तो गुळणी करून बाहेर आला की ती त्याच्या हातात कडक कॉफी ठेवायची. "घ्या भाऊजी, गरम आहे." वहिनींनी मनातलं काढून टाकलं, असं त्याला वाटलं.

हळूहळू त्याच्या दातांवर गंज चढला. मग एके दिवशी तो चमचा घेऊन लेबलांच्या टेबलाशी आला आणि हळूच म्हणाला, जरा मीठ बघता का? तिने चाखून खरं ते सांगितलं. दुसऱ्या दिवशीही. त्यानंतर तिला विचारल्याशिवाय त्याचं एकही पातेलं उतरेना.

तेच व्यापारी पुन्हा आले, त्या दिवशी त्याने दोनदा मीठ टाकलं होतं. चमचा जिभेला लागताच तिचा घसा चरचरला.

"झकास," ती म्हणाली. "भरा."

व्यापाऱ्यांनी पहिला घोट तिथेच थुंकला. सासऱ्यांनी चाखून पाहिलं आणि मुलाकडे बघतच राहिले. काहीतरी बोलायला त्याने तोंड उघडलं, तर सगळ्यांचे डोळे त्याच्या तपकिरी दातांवर गेले.

संध्याकाळी बाटल्या धुण्याच्या मोरीपाशी त्याने तिला गाठलं.

"तुम्ही मुद्दाम केलंत, वहिनी."

"हो."

"ते औषध इतके दिवस घ्यायचं नसतं, हे ठाऊक होतं तुम्हाला. मग बोलला का नाहीत?"

"माझी चव परत येणार, हे तुम्हालाही ठाऊक होतं, भाऊजी."

तिने नळ बंद केला, हात पुसले आणि त्याच्या खिशातला चमचा काढून घेतला.

दुसऱ्या दिवसापासून लेबलांच्या टेबलाशी तो बसला. पुढे त्याने बाटली सोडली, डॉक्टरीणबाईंकडून दातांवरचे डाग काढून घेतले, आणि महिन्याभरात त्याला मीठ कळायला लागलं. घरातल्या सगळ्यांना वाटलं, आता थोरली मोकळ्या मनाने त्याला पुन्हा पातेल्याजवळ उभं करील. सासऱ्यांनी तसं सुचवलंही. तिने चमच्यावर फुंकर घातली, थेंब जिभेवर घेतला आणि सावकाश म्हणाली, की लेबलं तिरकी बसताहेत, भाऊजींना तिथेच राहू द्या.